खांदेपालट

१

हेमचंद्र मनात आलं आणि निघाला, असं कधीच झालं नाही. योसेमिटीला जायचं असो की नुसतं समुद्रावर, आधी डायनिंग टेबलावर ऑटो क्लबचे नकाशे पसरले जायचे. मग फोनाफोनी. जागा दोनेक तासांच्या ड्राइव्हवर असली, तर आदल्या आठवड्यात हा एकटा जाऊन सगळं बघून यायचा. पार्किंग कुठे, सावली कुठे, रेस्टरूम किती लांब, कुठे उभं राहिलं की ऊन पाठीवर येईल आणि फोटो नीट निघतील. क्युपर्टिनोतली मराठी मंडळी त्याच्या या सवयीची चेष्टा करायची, आणि स्वतःचं कुठे जायचं ठरलं की गुपचूप त्यालाच फोन करायची.

१९८५ च्या उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ संजीव बायकोला घेऊन त्याच्याकडेच राहत होता. संजीवला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली होती, अपार्टमेंट बघणं चाललं होतं. त्याची बायको सुलेखा वसंतात इथे आली होती. तिला ड्राइव्ह करता येत नव्हतं, आणि ग्रोसरी स्टोअर ते घर एवढीच तिची अमेरिका होती.

"तिला कुठेतरी न्या हो," उत्तरा म्हणाली. "दिवसभर खिडकीशी बसून असते पोर."

उत्तरा म्हणजे हेमचंद्रची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा संजीव हाफपँटमध्ये होता आणि त्यांची आई नुकतीच गेली होती. हेमचंद्र आधी एकटाच अमेरिकेला आला. उत्तरा मागे गुहागरला राहिली, संजीवची शाळा संपेपर्यंत. त्याच्या गोवरात उशाशी बसली ती उत्तरा, आणि त्याच्या लग्नात मुलाच्या आईच्या जागी उभी राहिली तीही उत्तराच.

जायचं कुठे, ते दीपाने सुचवलं. दीपा त्यांची मुलगी, मिडल स्कूलमधली. लायब्ररीत तिने पोस्टर पाहिलं होतं. दक्षिणेला समुद्राजवळ आल्मेरो नावाचं लहानसं गाव आहे, तिथे स्ट्रॉबेरी पिकवणारी जपानी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि ऑगस्टमध्ये त्यांचा उत्सव असतो. देवाची मिरवणूक निघते, ढोल वाजतात, खाण्याचे स्टॉल लागतात.

हेमचंद्रने नकाशे काढले. सकाळी दीपगृह, मग मिरवणूक, दुपारी स्ट्रॉबेरीचं शेत, परतताना सूर्यास्त. पोस्टरवरच्या नंबरवर फोन लावला. मिसेस इनादा नावाच्या वयस्कर बाई फार प्रेमाने बोलल्या. मिरवणूक देवळाच्या मैदानातून निघते, मेन स्ट्रीटने येते, स्ट्रॉबेरीच्या पॅकिंग शेडला वळसा घालून परत मैदानात जाते. देव मिकोशीत असतो. "म्हणजे पालखीच म्हणा," त्या म्हणाल्या, कारण त्यांना भारताविषयी थोडं माहीत होतं. "आणि पाहुण्यांनाही खांदा देता येतो. आम्हाला आवडतं."

संजीव शेजारीच उभा होता. "दादा, मी देणार," तो म्हणाला. "शिमग्यात तू मला कधी देऊ दिला नाहीस. बुटका आहेस म्हणायचास."

"होतासच."

"आता बघ ना."

उत्तराने त्या दोघांना शेजारी उभं केलं. संजीव आता दादापेक्षा चांगला वीतभर उंच होता.

२

उत्सवाच्या आधीच्या शनिवारी हेमचंद्र आल्मेरोला जाऊन आला.

गाव शांत होतं. मेन स्ट्रीटवर पताका लावायला सुरुवात झाली होती. तो मिरवणुकीच्या वाटेने चालत गेला आणि पॅकिंग शेडच्या कोपऱ्यावर त्याला हवी ती जागा सापडली. शेडची सावली, समोर मोकळा रस्ता, ऊन पाठीमागे. कोपऱ्यावर मिरवणूक वळणार, म्हणजे समोरून आणि बाजूने, दोन्ही फोटो. तो स्वतःवर खूश झाला.

तेव्हा त्याला शेडच्या मागून एक पुकारा ऐकू आला. वाश्शोई, वाश्शोई. बरीच माणसं ताल धरून म्हणत होती. मिसेस इनादांनी फोनवर मिकोशी वाहणाऱ्यांचा हाच पुकारा त्याला म्हणून दाखवला होता, त्यामुळे ओळखता आला. सराव चाललाय वाटतं, म्हणून तो शेडच्या मागच्या गल्लीत गेला.

गल्ली रिकामी होती. स्वच्छ ऊन पडलेली, डांबरी, दोन्ही टोकांपर्यंत दिसणारी गल्ली. आणि पुकारा चाललेला. जवळून. पावलंही ऐकू येत होती, पण डांबरावरची नव्हती, भुसभुशीत मातीत जड पडत होती. त्या आवाजात उत्सवाचा आनंद अजिबात नव्हता. फार दमलेली माणसं, थांबता येत नाही म्हणून म्हणत राहावीत, तसं ते होतं. आणि मधूनच एक आवाज ताल सोडून हाक मारत होता. भाषा कळली नाही. हाक होती एवढं मात्र कळलं.

आवाज त्याच्या अगदी जवळून गेला आणि शेतांकडे लांब होत गेला.

मैदानात मिसेस इनादा कागदी कंदील मोजून खोक्यात ठेवत होत्या. त्याने विचारलं, आज सराव आहे का?

"आज कुठला? पुरुष सगळे शेतात आहेत. शुक्रवारी संध्याकाळी." मग त्या हसल्या. "कोणाचा तरी टेप चालू असेल. पोरं वर्षभर तेच लावतात."

टेप. बरोबर. शेडच्या पत्र्यावरून आवाज फिरून येतो, दिशा कळत नाही. तो कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकला होता. परतताना गाडीत त्याने ते पुरतं पटवून घेतलं. घरी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. जागा उत्तम होती, ती बदलायचं कारण नव्हतं.

३

उत्सवाचा दिवस त्याने आखला होता तसाच उजाडला. दीपगृहावर धुकं नव्हतं. सुलेखा आल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी हसली. वाऱ्याने तिची ओढणी कठड्यापलीकडे नेली, आणि संजीव ती पकडायला लहान मुलासारखा धावला. उत्तराने घरून दडपे पोहे आणले होते, ते सगळ्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाल्ले.

मिरवणूक आली तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता. पुढे ढोल, मागे पंखे हलवत नाचणाऱ्या बायका, आणि मग लांब जाड दांड्यांवर तोललेली, सोनेरी, घंटा किणकिणणारी मिकोशी. वाहणारे आखूड निळे डगले घातलेले, घामाने निथळणारे, हसत हसत ओरडणारे. खांदा दुखला की शेजारचा पाठीवर थाप मारायचा, हा बाहेर निघायचा, तो आत शिरायचा. चाल मोडायची नाही, दांडा खाली यायचा नाही.

"खांदेपालट," संजीव म्हणाला. "सेम आपल्यासारखं."

मिसेस इनादांनी त्याला डगला दिला. त्याने घड्याळ, पाकीट आणि चष्मा सुलेखाच्या हातात दिला.

"चष्मा कशाला काढतोस? दिसायचं नाही तुला," सुलेखा म्हणाली.

"खांदा द्यायला काय दिसायला लागतं?"

तो दांड्याखाली शिरला. त्याच्या उंचीमुळे एका बाजूचा भार त्याच्यावर आला आणि भोवतालच्या माणसांनी खूश होऊन आरोळी दिली. तोही त्यांच्यासारखाच ओरडायला लागला. दीपाने टाळ्या वाजवल्या. "गो, काका!"

हेमचंद्रने समोरून फोटो घेतला. मिकोशी कोपऱ्यावर वळली तेव्हा बाजूने घेतला. संजीवने मान वळवून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी अंदाजाने त्यांच्या दिशेला हसून पाहिलं. मग शेडची भिंत मधे आली.

शेडचा वळसा फार लांबचा नव्हता. ढोल दुसऱ्या बाजूने परत आले, बायका आल्या, मिकोशी आली. दांड्याखाली संजीव नव्हता.

४

मैदानात मिकोशी लाकडी घोड्यांवर टेकवली तेव्हा हेमचंद्रने वाहणाऱ्यांना गाठलं. संजीवच्या मागे चालणारा आडदांड शेतकरी घाम पुसत म्हणाला, "उंच पोरगा? तो शेडमागेच बाहेर पडला. कोणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारली, त्याने मान डोलावली आणि निघाला. मला वाटलं तुमच्यापैकीच कोणी बोलावलं."

"त्याच्या जागी कोण आलं?"

शेतकऱ्याने भोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "कोणी नाही आलं वाटतं," तो म्हणाला. "पुढे सगळा भार माझ्यावरच होता."

हेमचंद्र शेडमागे गेला. गल्लीत एक नळ होता आणि त्या नळाखाली एक माणूस डोकं घालून पाणी पीत होता. अनवाणी. अंगावर निळा डगला, पण विटून पांढरा पडलेला. श्वास घ्यायलाही न थांबता तो पीत होता. सरळ उभा राहिला तेव्हा हेमचंद्रला दिसलं की त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खूप खाली आहे. खांदा म्हणावा असं तिथे काही उरलं नव्हतं. मानेपासून दंडापर्यंत एक गुळगुळीत खाच होती, बैलाच्या मानेवर जू बसून घट्टा पडावा तशी.

"माझा भाऊ पाहिलात का? उंच, निळ्या डगल्यातला?"

माणसाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो रडत होता. "सॉरी," तो म्हणाला. "सॉरी. व्हेरी सॉरी." आणि भिंतीला हात लावत लावत, चालायला नव्याने शिकल्यासारखा, मेन स्ट्रीटच्या गर्दीकडे निघून गेला.

हेमचंद्रने त्याला थांबवायला हवं होतं. पण तेवढ्यात शेतांच्या बाजूने पुकारा ऐकू आला. मैदानातली मिकोशी तर घोड्यांवर होती, तिचे वाहणारे बिअर पीत बसले होते. पुकारा लांब गेला होता. तरीही त्यातला एक आवाज त्याला वेगळा काढता आला. नवा, दमदार, अजून मजेत असलेला. कोणीतरी "वाश्शोई" कोकणी हेल काढून म्हणत होतं.

सुलेखा कोपऱ्यावरच उभी होती. चष्म्याच्या काचा ओढणीने पुसत होती, पुन्हा पुन्हा.

५

पोलिसांनी शेतं पालथी घातली. कुत्री आणली. कुत्री गल्लीतल्या नळापर्यंत गेली आणि बसली. आल्मेरोच्या लोकांनी स्ट्रॉबेरीची तोडणी सोडून आठवडाभर शोध घेतला. मिसेस इनादा दोनदा क्युपर्टिनोला येऊन सुलेखाचा हात धरून बसल्या. त्यांनाही काही माहीत नव्हतं. पुढे पोलीस अधिकारी चाचरत म्हणाला, कधी कधी माणसं स्वतःहून निघून जातात. सुलेखाने उत्तराला विचारलं, तो काय म्हणाला. उत्तराने सांगितलं, शोध चालू आहे म्हणाला.

सप्टेंबरच्या एका रविवारी, दुपारी चहाच्या वेळी, हेमचंद्र पेपर वाचत होता. मागचं दार उघडं होतं. त्यांची गल्ली जिथे संपायची तिथे जर्दाळूची जुनी बाग होती. खोऱ्यातल्या अशा बागा एकेक करून तोडून घरं झाली होती, ही अजून उरली होती. त्या बाजूने वाश्शोई, वाश्शोई आलं.

त्याने पेपर खाली केला नाही. फक्त अक्षरं दिसेनाशी झाली.

"दादा." आवाज बसलेला होता. "ए दादा."

दीपा जमिनीवर बसून होमवर्क करत होती. तिने मान वर केली. "डॅड, दॅट्स काका."

"काय?"

"काका. बाहेर. ही'ज कॉलिंग यू."

"शेजाऱ्यांचा टीव्ही आहे," हेमचंद्र म्हणाला.

दीपाने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बापाचं म्हणणं खरं मानलेली मुलगी, तिने हेही मानायचा प्रयत्न केला. मग वही उचलून ती आपल्या खोलीत गेली.

सुलेखा समोरच बसली होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

डॉक्टर दिगंबर त्याचे जुने मित्र. त्यांनी समजावलं, की जवळचं माणूस असं गेलं की कान नसलेल्या हाका ऐकतात. त्यांनी गोळ्या दिल्या. पण दीपालाही ऐकू आलं, असं हेमचंद्रने त्यांना सांगितलं नाही. गोळ्यांनी छान झोप लागायची. पुढच्या रविवारी पुकारा आला, आणि त्याच्या पुढच्याही.

६

ऑक्टोबरमध्ये एकदा तो गेला.

घरात उत्तरा एकटी होती, स्वयंपाकघरात. तो मागच्या दाराने बाहेर पडला आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. लख्ख ऊन होतं. कोणीतरी लॉन कापत होतं, ताज्या गवताचा वास येत होता. बागेच्या कुंपणाशी तो थांबला, कारण झाडांच्या रांगांमध्ये धूळ उडत होती.

धुळीत आधी पाय दिसले. पुष्कळ पाय, अनवाणी, एकाच वेळी उचलले जाणारे. मग दांडा. मग दांड्याखालची माणसं. कोणाच्या अंगावर विटके डगले, कोणाच्या अंगावर शेतातले कपडे, एकाच्या अंगावर जुन्या पद्धतीचा सूट आणि गळ्यात टाय. सगळे समोर बघत होते. वर काय होतं ते हेमचंद्रने पाहिलं नाही. पाहायचं नाही असं त्याने ठरवलं नव्हतं. मान वर झालीच नाही. वर जे काही होतं त्याची सावली त्या सगळ्यांवर पडली होती आणि ती सावली हलत नव्हती, एवढंच त्याला कळलं.

संजीव हेमचंद्रकडच्या बाजूलाच होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. डगल्याचा खांदा दांड्याला चिकटून काळा झाला होता. हेमचंद्रच्या समोर येताच सगळे थांबले. थांबले म्हणजे पुढे यायचे थांबले. पाय जागच्या जागी पडत राहिले.

"आलास," संजीव म्हणाला. डोळे बारीक करून तो अंदाज घेत होता. "दादाच ना?"

"हो."

"जरा धर ना. थोडाच वेळ. खांदा पार गेलाय रे माझा."

त्याच्या खांद्याला लागूनच दांड्याखाली एका माणसाची जागा होती. हेमचंद्रच्या उंचीची. वीतभर खाली.

त्याला ओरडून भावाला ओढून काढावंसं वाटलं, असं तो पुढे स्वतःला सांगायचा. खरं तर त्या क्षणी तो हिशेब करत होता. नळाखालच्या माणसाचा खांदा तसा व्हायला किती काळ लागला असेल. दीपाची शाळा. आपलं वय. संजीव तरुण आहे, अजून काही काळ निभावेल. तेवढ्यात काहीतरी उपाय काढता येईल. घरी बसून, शांतपणे, नीट विचार करून.

"दादा?"

"थांब हं," हेमचंद्र म्हणाला. "आलोच."

संजीवच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं हसू पसरलं. त्याने दांडा थोडा उचलून धरला, भावाला आत शिरायला सोपं जावं म्हणून.

हेमचंद्र वळला आणि घरी आला. पळाला नाही. मागे, पाय जागच्या जागी पडत असलेले त्याला बराच वेळ ऐकू येत होते. ते वाट बघत होते.

उत्तरा ओट्याशी होती. "कुठे गेला होतात?"

"पाय मोकळे करायला."

तिने त्याच्या बुटांवरची धूळ पाहिली.

७

यानंतर रविवारी दुपारी हेमचंद्रच्या घरात दारं-खिडक्या बंद राहू लागल्या. थंडी पडली असं तो म्हणायचा. टीव्ही मोठ्याने लावायचा, फुटबॉलच्या मॅच बघायचा, ज्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. तरी हाका यायच्या. आधी "आलास का रे?" मग नुसतंच "दादा." मग आवाज इतका चिरकला, की जे ऐकू यायचं त्याला शब्द म्हणता येईना. त्याने बंद काचेतून पाहायचंही सोडून दिलं.

सुलेखाला भारतात परत पाठवायची बोलणी चालू झाली. तिने एकदाच विचारलं, "भाऊजी, तुम्हाला काय वाटतं, ते येतील?"

"आशा सोडू नये," हेमचंद्र म्हणाला.

आणि मग नोव्हेंबरात एका रविवारी हाक बदलली.

तो सोफ्यावर होता. उत्तरा डायनिंग टेबलाशी बसून कोबी चिरत होती. पुकारा बागेतून निघून गल्लीत आला होता, पूर्वी कधी आला नव्हता इतका जवळ. त्या तालातून तो चिरकलेला आवाज वर आला.

"वहिनी."

सुरी थांबली.

"वहिनी, ए वहिनी."

हेमचंद्र टीव्हीकडे बघत राहिला. त्याला आधी काय वाटलं, ते त्याच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. त्याला बरं वाटलं. छातीवरचा दगड कोणीतरी उचलावा तसं. ही हाक त्याला नव्हती.

"अहो," उत्तरा म्हणाली. "तुम्हाला काही ऐकू येतं का?"

"कुठे काय?"

"त्या दिवशी तुम्ही बागेपर्यंत गेला होतात. काय दिसलं होतं?"

"बाग. दुसरं काय दिसणार?"

"काहीच नव्हतं?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि कोबी चिरू लागली. बराच वेळ चिरत राहिली. तो इतका बारीक झाला, की संध्याकाळी भाजीचा लगदा झाला.

८

पुढच्या रविवारी उत्तराने लवकर स्वयंपाक उरकला. दीपाची वेणी घातली, दीपाला नको असताना. स्वतःच्या केसांचा घट्ट अंबाडा बांधला, साडीचा पदर खोचला आणि फिरायला जायचे कॅनव्हासचे बूट घालून ती हॉलमध्ये आली. हेमचंद्र पेपर वाचत होता. बाहेर पुकारा अगदी कुंपणाशी होता. टीव्ही अजून लावलेला नव्हता.

"डाळ भिजत घातलीय," ती म्हणाली. "सुलेखाला सांगा."

"बरं."

ती तिथेच उभी राहिली. तो काहीतरी विचारेल, एवढा वेळ उभी राहिली. कुठे निघालीस, एवढे दोन शब्द पुरले असते. त्याच्या जिभेवर ते होतेही.

"येते मी," उत्तरा म्हणाली.

"ये," हेमचंद्र म्हणाला, आणि पेपरचं पान उलटलं.

मागचं दार सरकल्याचा आवाज झाला. बाहेरचा पुकारा थांबला. पाय जागच्या जागी पडू लागले, पडत राहिले. मग पुकारा पुन्हा सुरू झाला आणि बागेकडे निघाला. हेमचंद्रने ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

मागच्या दारातून कोणीतरी आत आलं, भिंतीला हात लावत लावत. सुलेखा जिन्यावरून उतरत होती, ती मधल्या पायरीवर खाली बसली. मग ती उठून धावली.

संजीव सिंकपाशी श्वास घ्यायलाही न थांबता पाणी प्यायला. सुलेखाने त्याला खुर्चीवर बसवलं, ती त्याच्या केसांवरून, पाठीवरून हात फिरवत राहिली, उजव्या खांद्यापाशी हात गेला की मागे घेत राहिली. दीपा दारात येऊन उभी होती. ती काकाकडे बघत नव्हती.

"आई कुठाय?" तिने मराठीत विचारलं. घरात ती मराठी बोलायची नाही.

हेमचंद्रने तोंड उघडलं.

"मी नको म्हटलं होतं तिला," संजीव म्हणाला. आवाज घशातून खरवडून येत होता. तो दीपाला सांगत होता. "हाक मारून बोलावलं मीच. पण ती आली तेव्हा नको म्हटलं. ती म्हणाली, दमला असशील, सरक. आणि आत शिरली." तो थांबला. "तिची उंची पुरत नाही. टाचा उंच करून चालावं लागतं तिला."

स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी होती. बागेच्या बाजूने पुकारा वळून परत येत होता, आणि त्यात आता बाईचा आवाज होता. स्पष्ट, शांत, रोज चहा झाला की मारायची तशी हाक.

"अहो."

दीपा बापाकडे बघत होती.

"अहो, ऐकलंत का?"

हेमचंद्र उठला. दोन पावलं दाराच्या दिशेने टाकली. एवढं त्याने केलं. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभा राहिला. जोड्यांशिवाय बाहेर कसं जायचं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. जोडे दाराशीच होते.

संजीव त्याला बघत होता. चष्मा नसल्यामुळे डोळे बारीक केलेले, बागेत केले होते तसेच. त्याला नीट दिसत नव्हतं, पण दादा किती पावलं चालला आणि कुठे थांबला हे त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो उठला, डाव्या हाताने त्याने खिडकीची काच ओढून घेतली आणि खटका लावला.

"बस, दादा," तो म्हणाला. "आज पहिलाच दिवस आहे. अजून तिचा आवाज चांगला आहे."